नारिंगी वायरच्या अलीकडे: विजेच्या मोटारीची देखभाल घरी किती करावी आणि सर्व्हिस सेंटरवर किती सोपवावी

गेली साडेतीन वर्षे आमच्या घरी विजेवर चालणारी मोटार आहे. साताऱ्यातल्या शाहूपुरीत आमच्या गल्लीत ती उभी दिसली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एका चार्जिंगमध्ये किती जाते, हा पहिला आणि हिला सर्व्हिसिंग असते तरी काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी आधीच मनाशी ठरवलेले असते. काहींना वाटते की इंजिनच नसल्यामुळे या गाडीला काही करावेच लागत नाही. काहींना वाटते की सगळा मामला विजेचा असल्यामुळे बॉनेटसुद्धा शोरूमच्या माणसानेच उघडावे. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री हा अभ्यासक्रम अनेक वर्षे शिकवला असल्यामुळे विजेची भीती आणि विजेचा आदर यांतला फरक मला ठाऊक आहे, आणि त्या अनुभवाच्या आधारावरच कोणते काम घरी करावे व कोणते मुळीच करू नये, हे येथे सविस्तर सांगत आहे.

या गाडीत इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, टायमिंग बेल्ट आणि सायलेन्सर यांपैकी काहीही नसते. टायर, ब्रेक, ब्रेक ऑइल, कूलंट, सस्पेन्शन, एसी, वायपर आणि बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी मात्र इतर कोणत्याही गाडीसारखीच असते, आणि तिची झीजही तशीच होते. यांतले निम्म्याहून अधिक काम घराच्या अंगणात, एक मल्टिमीटर, हवेचा दाब मोजण्याचे गेज, चांगला टॉर्च आणि दोन-चार पाने एवढ्या सामग्रीवर करता येते.

तत्पूर्वी मर्यादा कोठे आखावी ते पाहू. बॉनेट उघडल्यावर जाड नारिंगी वायर दिसतात. मोठी बॅटरी, बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर, मोटर, चार्जर आणि एसीचा कॉम्प्रेसर यांना जोडणाऱ्या त्या वायरमध्ये बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्टचा डीसी प्रवाह असतो. डीसी पुरवठा ६० व्होल्टच्या वर गेला की तो माणसाला धोकादायक समजला जातो, यावरून या आकड्याचे गांभीर्य लक्षात यावे. गाडी बंद केल्यावर आतले कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढले जाणारे मोठे स्विच, उघडतात आणि बॅटरी वेगळी होते हे खरे असले, तरी इन्व्हर्टरमधल्या कॅपॅसिटरमध्ये त्यानंतरही काही मिनिटे विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्यावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडे १,००० व्होल्टसाठी प्रमाणित केलेले रबरी हातमोजे असतात आणि वीज खरोखर गेली आहे ना हे मोजून पाहिल्याशिवाय तो हात लावत नाही. वायरिंगमध्ये आयुष्य घालवूनही मी त्या नारिंगी वायरला, तिच्या जोडणीला किंवा ती ज्या पेटीत शिरते त्या पेटीच्या झाकणाला हात लावत नाही, आणि कोणी लावू नये असे माझे ठाम सांगणे आहे. तिच्या अलीकडचे बरेचसे आपले आहे.

टायरपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण या गाडीत सर्वांत जास्त खर्च तेथेच होतो. बॅटरीमुळे गाडी तिच्या पेट्रोलच्या भावंडापेक्षा बरीच जड असते आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे पुढची चाके लवकर घासतात. हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, स्वतःच्या गेजने मोजावी. किती असावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेले असते, त्यासाठी पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर विसंबू नये. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने कमी होतो, म्हणून ऑक्टोबरात बरोबर भरलेली हवा डिसेंबरातल्या पहाटे कमी भरते. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी आणि खाचांमधली उंचवट्याची खूण टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलावाच. पावसाळ्यात कासच्या रस्त्याला जाणाऱ्यांनी तर तेवढीही वाट पाहू नये.

जॅकबाबत मात्र अधिक सांगितले पाहिजे. गेल्या पावसाळ्यात महामार्गावर मागच्या चाकात खिळा घुसला आणि मी गाडी पहिल्याच पंक्चरच्या दुकानासमोर उभी केली. मुलगा चपळ होता. मी डिकीतून काही काढेपर्यंत त्याने चाकांचा जॅक सरळ गाडीच्या पोटाखाली मधोमध सरकवला होता आणि दांड्याचे दोन हिसके दिलेही होते. ज्याला तो फ्लोअर समजत होता तो बॅटरीच्या पेटीचा तळ होता. मी ओरडून त्याला थांबवले, जॅक खाली घेतला आणि उंबऱ्याच्या पत्र्याच्या कडेला, मागच्या चाकाच्या जरा पुढे असलेल्या दोन खाचा त्याला बोटाने दाखवल्या. तळावर फक्त रंग खरवडला गेला होता, पण पत्रा आत दबला असता तर आतल्या सेलना इजा पोहोचू शकली असती आणि ती कदाचित कित्येक दिवसांनी उघड झाली असती. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलेले नव्हते. तेव्हापासून मी त्या दोन खाचांच्या वर पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे आणि टायरवाला कोणताही असो, जॅक लागेपर्यंत मी गाडीजवळ उभा राहतो. ट्यूबलेस टायरचे साधे पंक्चर चाक न काढताही निघते, हेही लक्षात ठेवावे.

केबिन फिल्टर आणि वायपर बदलणे हे दहा मिनिटांचे काम आहे. फिल्टर बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा एवढेच पथ्य. एका सर्व्हिस सेंटरने याच कामाची मजुरी फिल्टरच्या किमतीपेक्षा जास्त लावली होती, आणि ते बिल पाहिल्यावर हे काम मी घरी करू लागलो.

१२ व्होल्टच्या बॅटरीकडे बहुतेक मालकांचे दुर्लक्ष होते, आणि रस्त्यात किंवा दारात गाडी बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण तीच असते. मोठ्या बॅटरीत ऐंशी टक्के चार्ज असला, तरी तिचे कॉन्टॅक्टर ओढून धरायला, दारांची कुलुपे उघडायला आणि गाडीतले संगणक जागे करायला ही छोटी बॅटरीच लागते. ती उतरली की एवढी मोठी गाडी दगडासारखी बसून राहते. दिवाळीत तीन आठवडे गावी गेलो असताना मी गाडीची माहिती मोबाइलवर दाखवणारे ओबीडीचे छोटे यंत्र पोर्टमध्ये तसेच ठेवले होते. परत आलो तेव्हा दार उघडत नव्हते. ते यंत्र रात्रंदिवस थोडी थोडी वीज खात राहिले होते आणि बॅटरी साडेदहा व्होल्टवर आली होती.

ही बॅटरी दर महिन्याला मोजावी. पद्धत नीट पाळली तरच आकड्याला अर्थ राहतो. दार उघडताच गाडीतले संगणक जागे होतात आणि आकडा खाली येतो. म्हणून बॉनेट उघडून, दारे लावून, किल्ली घरात ठेवून अर्धा तास थांबावे आणि मगच मल्टिमीटरची टोके बॅटरीच्या खुंट्यांना लावावीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत साध्या लेड-ॲसिड बॅटरीचा आकडा १२.६ च्या आसपास आला तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ ला चिंता नाही, आणि १२.२ च्या खाली वारंवार येत असेल तर तिला चार्ज करून आठवड्याने पुन्हा मोजावे व तरीही सुधारणा नसेल तर बदलण्याची तयारी ठेवावी. नंतर गाडी चालू स्थितीत आणून पुन्हा मोजावे. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर मोठ्या बॅटरीवरून छोटीला भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करतो आहे असे समजावे. तो आकडाही साडेबाराच्या घरातच राहिला, तर दोष नारिंगी वायरच्या पलीकडचा आहे आणि तेथे आपला हात थांबला पाहिजे. शेजाऱ्याची बंद पडलेली गाडी सुरू करण्यासाठी आपल्या गाडीवरून वायर देण्याचा मोह मात्र पुस्तिका वाचल्याशिवाय करू नये, कारण अनेक कंपन्या त्याला स्पष्ट मनाई करतात.

आता ब्रेक. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच मोटर उलट काम करून वीज परत बॅटरीत घालते, यालाच रीजनरेशन म्हणतात, म्हणून ब्रेकचे पॅड खूप टिकतात, आणि नेमके त्याच कारणाने आमच्याकडच्या पावसात डिस्क गंजतात. जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा, रस्ता मोकळा असताना आणि मागे कोणी नसताना, रीजनरेशन कमीत कमी पातळीवर ठेवून पाच-सहा वेळा दमाने ब्रेक दाबावा, म्हणजे डिस्क घासून स्वच्छ होते. टॉर्चने चाकाच्या आऱ्यांमधून पॅडची जाडी पाहावी. तीन मिलिमीटरच्या आसपास आली की बदलण्याचे काम जवळ आले असे समजावे.

पॅड टिकतात म्हणून ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष करणे चुकीचे आहे. ते तेल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की तेच १५५ अंशांच्या पुढे उकळू लागू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल थेट खाली जाते. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, साधारणपणे दर दोन वर्षांनी, ते बदलावे आणि हे काम सर्व्हिस सेंटरवरच करून घ्यावे, कारण नळीतली हवा काढताना अनेक गाड्यांत एबीएसला, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेला, संगणकावरून आज्ञा द्यावी लागते.

आपल्या जिल्ह्यात याचे महत्त्व विशेष आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे आणि पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईला येईपर्यंत गाडी सहाशे मीटरहून अधिक खाली उतरते. माणसांसह सोळाशे किलो वजन धरले तर या उतारावर सुमारे अडीच युनिट ऊर्जा कोठेतरी जावी लागते. बॅटरीत जागा असेल तर तिचा बराच भाग बॅटरीत जातो. हॉटेलवर रात्रभर चार्जिंग लावून शंभर टक्के भरून निघाल्यास ती घेण्यास बॅटरीत जागा नसते, गाडी रीजनरेशन कमी करते किंवा थांबवते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एरवी हलक्या पायाने गाडी थांबवण्याची सवय झालेल्या चालकाला पहिल्याच वळणावर गाडी वेगळी वाटू लागते. महाबळेश्वराहून उतरण्यापूर्वी बॅटरी ८५ टक्क्यांच्या वर नेऊ नये, हा माझ्या घरातला नियम आहे आणि तो मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

कूलंटच्या बाबतीत आपले काम फक्त पाहण्याचे. गाडी थंड असताना टाकीतली पातळी खालच्या व वरच्या रेषेच्या मध्ये आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे आणि नोंदवावे. कमी झाली तर नळाचे किंवा बोअरचे पाणी मुळीच ओतू नये, कारण काही गाड्यांत बॅटरीच्या थंडाव्यासाठी वीज जवळजवळ वाहू न देणारे वेगळे कूलंट असते आणि क्षारांचे पाणी त्याचा तो गुणच नष्ट करते. शिवाय बंद यंत्रणेतले कूलंट कमी होते याचा अर्थ ते कोठेतरी गळते आहे.

एसीचा गॅस भरून घेणे हे वरकरणी साधे काम आहे आणि येथेच सर्वांत महाग चूक होऊ शकते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो आणि त्यात सहसा पॅग जातीचे तेल असते. विजेच्या गाडीत कॉम्प्रेसरच्या आतच मोठ्या दाबाच्या विजेवर चालणारी मोटर असते आणि तिचे वेटोळे त्या तेलातच भिजलेले असते, म्हणून तेथे वीज न वाहू देणारे पीओई जातीचे तेल लागते. नेहमीच्या एसीवाल्याच्या यंत्रात आधीच्या गाडीचे पॅग तेल शिल्लक असते. ते थोडे जरी मिसळले तरी इन्सुलेशन बिघडते आणि गाडी सुरूच होऊ न देणारा दोष उभा राहू शकतो. त्यामुळे सर्व्हिस सेंटरलाही हा प्रश्न विचारावा की गॅस भरण्याचे यंत्र विजेच्या गाड्यांसाठी वेगळे ठेवले आहे का, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत गाडी देऊ नये.

ऊस तुटला की शेतातले उंदीर वस्तीकडे येतात, हे सातारकरांना सांगायला नको. उभ्या गाडीचे बॉनेट त्यांना ऊबदार वाटते. आठवड्यातून एकदा टॉर्चने आतले कोपरे पाहावेत. लेंड्या, गवत, कुरतडलेला फोम दिसला तर आधी जागा स्वच्छ करावी, गाडीत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. नारिंगी वायरच्या आवरणावर दातांची खूण दिसली तर गाडी चालू करू नये, चार्जिंगला लावू नये, टेप तर अजिबात गुंडाळू नये. मदत मागवावी आणि गाडी ओढून न नेता पूर्ण उचलून सपाट ट्रकवरच न्यावी, कारण चालवणारी चाके फिरली की मोटर वीज निर्माण करू लागते. धुताना चार्जिंगच्या पोर्टवर आणि बॉनेटखाली प्रेशरचा फवारा मारू नये, एवढेही या ओघात सांगून ठेवतो.

घरच्या चार्जिंगची जोडणी हा माझ्या विषयाचा भाग असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो. ३.३ किलोवॅटचा चार्जर सुमारे साडेचौदा अँपिअर प्रवाह सलग सात-आठ तास ओढतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, हा भार रात्रभर राहतो. म्हणून मीटरजवळून स्वतंत्र, किमान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि प्रवाह जमिनीत गळू लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये, आणि चार्जिंग सुरू करून तासाभराने चार्जर बंद करून प्लग हाताला किती गरम लागतो ते पाहावे. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा पिन काळवंडलेली दिसत असेल तर सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्यावे.

गेल्या मे महिन्यात आमच्या चार्जरवर संध्याकाळी लाल दिवा लागू लागला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला तर १८ व्होल्ट आले. तेथे दोन-तीन व्होल्टच असायला हवेत. आमच्या भागातला मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि जुन्या अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संबंधच उरत नाही. बोलावलेला वायरमन म्हणाला, “सर, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दिवा लगेच जाईल.” दिवा गेला असता हे खरे. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली किंवा फेज-न्यूट्रल उलट झाले, तर गाडीच्या संपूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट आले असते आणि पावसात अनवाणी दाराला हात लावणाऱ्या माझ्या नातवंडाच्या शरीरातून ते जमिनीत गेले असते. मी त्याला समजावून सांगितले आणि नवा खड्डा घेतला. असे जोडून दिलेले तयार ॲडॉप्टरही विकत मिळतात. ते घरात असतील तर आजच तोडून टाकावेत.

मग सर्व्हिस सेंटरचे काम काय राहिले? मोठी बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर, सॉफ्टवेअरचे अपडेट, कूलंट व ब्रेक ऑइल बदलणे, गिअरपेटीचे तेल, एअरबॅग आणि कंपनीने परत बोलावून करून द्यायच्या दुरुस्त्या हे सर्व तेथेच व्हावे. वॉरंटीचाही विचार आहे. अनेक गाड्यांच्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते आणि वेळापत्रकानुसार तपासणी अधिकृत ठिकाणी व्हावी, अशी अट तिच्या पुस्तिकेत असू शकते. फिल्टर घरी बदलला म्हणून ती तपासणीच टाळणे म्हणजे लाखो रुपयांच्या बॅटरीची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेणे होय. तपासणीला जावेच. मात्र घरी केलेली कामे जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरने करायच्या कामांच्या यादीत, येऊ देऊ नयेत.

त्यासाठी मी दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, चारही चाकांची हवा, छोट्या बॅटरीचे व्होल्ट, कूलंटची पातळी, सुट्या भागांची बिले. काउंटरवर ही वही उघडली की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा दर वेळचा अनुभव आहे. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारावा, आणि बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल, सेलमधल्या व्होल्टेजचा फरक, पॅडची मिलिमीटरमधली जाडी आणि ब्रेक ऑइलमधल्या ओलाव्याचा आकडा लेखी मागावा. बदललेला जुना भाग परत मागावा.

असे विचारणे हा उद्धटपणा नाही. स्वतंत्र मेकॅनिकना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळू न देण्याच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. विजेच्या गाड्यांचे काम जाणणारे स्वतंत्र गॅरेज आपल्याकडे अजून थोडे आहेत आणि मोठ्या बिघाडासाठी पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागू शकते, म्हणून छोटा दोष छोटा असतानाच वहीत पकडला गेला पाहिजे.

गाडी परत मिळाल्यावर आवारातून निघण्यापूर्वी चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळले ना ते विचारावे, बॉनेट उघडून कूलंट व ब्रेक ऑइलच्या टाक्यांची झाकणे घट्ट आहेत का ते पाहावे, चार्जिंगचे पोर्ट कोरडे आहे का ते बघावे आणि तेथल्याच चार्जरवर दोन मिनिटे चार्जिंग सुरू करून पाहावे. काही चुकलेले असेल तर ते त्यांच्या आवारात, त्यांच्यासमोर दिसलेले बरे. घरी आल्यावर रात्री गाडी उभी राहू द्यावी आणि सकाळी, वर सांगितलेल्या पद्धतीने, छोट्या बॅटरीचा आकडा पुन्हा वहीत लिहावा.